मिनिटं मोजली, शू मोजली नाही

बाळंतिणीला "बाळ दूध पितंय ना?" असं विचारलं की ती "हो" म्हणते. दुसरं ती काय म्हणणार? बाळाचं तोंड छातीशी आहे, जबडा हलतोय, थोड्या वेळाने ते शांत झोपतंय. पहिलटकरणीने याआधी कधी कुणाला पाजलेलं नसतं; पिणं आणि नुसतं चोखत राहणं यातला फरक तिला कळावा कुठून? मला हा प्रश्न हॉस्पिटलात प्रत्येक राउंडला, प्रत्येक पाळीच्या सिस्टरने विचारला आणि माझं "हो" दर वेळी कागदावर उतरलं. पुढे माझ्या लेकीला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. तिच्या फाईलमध्ये मात्र "स्तनपान व्यवस्थित" असंच लिहिलेलं होतं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. हे एका हॉस्पिटलापुरतं नाही, हे तेव्हापासून भेटलेल्या कितीतरी बाळंतिणींकडून मला कळलंय.

बराच वेळ कळा सोसून शेवटी सिझर झालं. भरपूर सलाईन चढलं होतं. मुलगी पूर्ण दिवसांची, 2,900 ग्रॅम, जन्मतःच खणखणीत रडलेली. तिला दुपट्यात घट्ट गुंडाळून माझ्याजवळ आणलं तेव्हा काही तास उलटले होते. पलंगाच्या पायाशी एक छापील तक्ता लावलेला होता: वेळ, डावी बाजू किती मिनिटं, उजवी बाजू किती मिनिटं. नवऱ्याने तो जिवापाड जपून भरला. रात्री अडीच वाजताचीही नोंद आहे त्यात. वीस मिनिटं, पंधरा मिनिटं, पुन्हा वीस. राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडम तो तक्ता बघून म्हणायच्या, "छान चाललंय." तक्ता पाहता तसंच वाटत होतं.

तक्त्यात शू आणि शी यांचा रकानाच नव्हता. डायपर मावशी बदलायच्या आणि कचऱ्यात टाकायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका डायपरवर विटकरी डाग दिसला. मावशींनी तो लगेच माझ्या आईला दाखवला. आई घाबरली, तिने विचारलं, तेव्हा "मुलींना जन्मल्यावर असं थोडं जातं" असं उत्तर मिळालं. मुलींना आईच्या संप्रेरकांमुळे पहिल्या आठवड्यात थोडं रक्त जाऊ शकतं, हे खरंच आहे. पण तो डाग रक्ताचा नव्हता. लघवी फार घट्ट झाली की तिच्यातले युरेटचे कण असे विटकरी दिसतात. पहिल्या दोन दिवसांत एखाद वेळी दिसले तर चालतात. त्यानंतर दिसले तर बाळाच्या पोटात पुरेसं जात नाही, असं समजायचं. वजन रोज सकाळी बेबी रूममध्ये व्हायचं आणि तिथल्याच रजिस्टरमध्ये लिहिलं जायचं. घरी सोडण्याच्या सकाळी ते 2,650 होतं, हे मला फार नंतर, फाईलची प्रत मागून घेतल्यावर समजलं. डिस्चार्ज कार्डावर फक्त जन्माचं वजन होतं.

म्हणजे माहिती सगळी होती. डाग मावशींनी पाहिला होता, वजन रजिस्टरमध्ये होतं, तक्ता पलंगाला होता. तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिल्या नाहीत. रात्रपाळीला अख्ख्या मजल्यावर एकच सिस्टर. ती पडदा किंचित बाजूला करून विचारायची, "ताई, पाजलं ना?" आत येऊन, बसून, बाळ छातीला कसं लागलंय हे बघायला तिच्याकडे वेळ नव्हता.

घरी आल्यावर सगळ्यांनी लेकीचं कौतुक केलं. किती शहाणं बाळ, रडत नाही, झोपून असतं. ही शाबासकी मी आता कुठेही ऐकली की माझ्या छातीत धस्स होतं. जन्मल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात सलग चार-पाच तास झोपणारं, पाजायला उठवावं लागणारं, छातीला लावल्या लावल्या पुन्हा डोळे मिटणारं बाळ शहाणं नसतं. बहुतेक वेळा त्याच्या अंगात प्यायची ताकद उरलेली नसते. लेकीचं अंग तापलं तेव्हा मे महिना होता, खिडक्या बंद होत्या, डोक्याला टोपडं होतं, त्यामुळे उन्हाळ्याचं असेल असं घरात वाटलं. तोंड आणि छाती पिवळसर दिसायला लागली होती. बालरोगतज्ज्ञांनी तिला काट्यावर ठेवलं: 2,480 ग्रॅम. जन्मवजनाच्या साडेचौदा टक्के कमी. रक्तातलं सोडियम 159 निघालं. ते साधारण 135 ते 145 असायला हवं.

या आजाराची गत समजून घेण्यासारखी आहे. पोटात दूध कमी जातं, पण लघवीतून, श्वासातून, त्वचेतून पाणी जातच राहतं. रक्त घट्ट होतं, सोडियम वाढतं. बाळ सुस्त होतं, म्हणून कमी ओढतं. कमी ओढलं की आईच्या छातीला मागणी कळत नाही आणि दूध वाढत नाही. जोर आणि शुद्ध दोन्ही कमी होत गेल्यामुळे बाळ भुकेने रडतही नाही. शी कमी झाली की आतड्यात आलेलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि कावीळ वाढते. उपचारातही घाई चालत नाही. सोडियम झपाट्याने खाली आणलं तर मेंदूला सूज येऊ शकते, झटके येऊ शकतात. म्हणून ते दोन दिवसांच्या हिशेबाने हळूहळू उतरवतात, पुन्हा पुन्हा रक्त तपासत. त्या काळात काचेपलीकडे उभं राहण्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. लेक बरी झाली. आज ती धावते, भांडते, गाणी म्हणते.

लेकीला ज्या दुसऱ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात ठेवलं होतं, तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "पाजा, मी बघते." एवढ्या सगळ्या काळात कुणीतरी मला पाजताना पहिल्यांदाच पाहत होतं. लेकीचं तोंड माझ्याकडे होतं, पण अंग छताकडे. मान वळवून ती कशीबशी पोहोचत होती. तोंडात फक्त बोंडी, भोवतीचा काळा भाग सगळा बाहेर. म्हणून तर मला इतकं दुखत होतं, आणि "सुरुवातीला दुखतंच" असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांनी दुपटं सोडलं, बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, मान आणि पाठ एका रेषेत आणली. बोंडी बाळाच्या नाकासमोर धरायला सांगितली. बाळाने आ वासून तोंड मोठं उघडल्याबरोबर त्याला छातीकडे आणलं. छाती बाळाकडे ओढली नाही. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेरच्या बाजूला वळला. दुखणं थांबलं. आणि मग त्यांनी मला ऐकायला सांगितलं: दोन-तीन वेळा ओढणं, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबणं, आणि गिळल्याचा हलकासा आवाज. तो आवाज नसेल तर कितीही मिनिटं लिहा, पोटात काही जात नाही.

सिझर झालेल्या आयांनी हे सुरुवातीपासून मागून घ्यावं. उठून बसता येत नसेल तेव्हा कुशीवर झोपून पाजता येतं, किंवा बाळाला काखेखाली धरून, पाय आईच्या पाठीकडे, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. बाळाची प्रकृती ठीक असेल तर ऑपरेशन टेबलावरच त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी ते करतात. ऐन वेळी कुणाला सुचत नाही. सिझर, पहिलं बाळंतपण, मधुमेह, थायरॉइड, जास्त रक्तस्राव, आत ओढलेली बोंडी, महिनाभर आधी आलेलं बाळ यांपैकी काही असेल तर पान्हा फुटायला उशीर होऊ शकतो किंवा बाळाला ओढणं जड जाऊ शकतं. अशा वेळी "येईल हळूहळू" म्हणून थांबू नये. पहिल्या दिवसापासूनच बाळाला पाजून झालं की हाताने चीक काढावा आणि चमच्याने द्यावा. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी मागे छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. पहिल्या दिवशी निघणारा चीक चमचाभरही नसतो, तो पाहून कुणी हिरमुसू नये. पहिल्या चोवीस तासांत बाळाला एका वेळी लागतोच साधारण 2 ते 10 मिलिलिटर. भरपूर दुधाचा पान्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर फुटतो. सिझरनंतर आणखी थोडा उशिरा.

आता नोंदीचं. फोनवर ॲप असतात, हरकत नाही; पण मला भिंतीवरचा किंवा उशाशी ठेवलेला कागद बरा वाटतो, कारण तो आजी, मावशी, सिस्टर, डॉक्टर सगळ्यांना दिसतो. बाळाच्या बाबांना हे काम द्यावं. पाजल्याची वेळ लिहावी, मिनिटं लिहिण्यात अर्थ नाही. त्याऐवजी गिळल्याचा आवाज आला का, हे लिहावं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजलं जायला हवं, आणि जन्मवजन परत येईपर्यंत रात्रीही तीन तासांच्या वर खाडा नको. रडण्याची वाट पाहू नये. हात तोंडाकडे नेणं, जीभ बाहेर काढणं, मान इकडे तिकडे वळवून शोधणं, ही भूक असते, रडणं फार नंतर येतं. बाळ झोपाळू असेल तर दुपटं सोडून, तळवे चोळून उठवावं.

शूचा हिशेब सोपा आहे: पहिल्या दिवशी निदान एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, आणि रंग पाण्यासारखा फिका. शी आधी काळी-हिरवी चिकट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी आणि दिवसातून तीन-चार वेळा तरी. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर वजन न करताही समजावं की दूध पोहोचत नाही. पहिला आठवडाभर सुती लंगोट वापरले तर शू लगेच कळते. डायपरच वापरायचा असेल तर त्यात कापसाचा छोटा बोळा ठेवावा. डायपर सगळं शोषून घेतो आणि कोरडाच वाटतो, बोळा मात्र ओला होतो.

वजन रोज एकाच काट्यावर, बाळाला उघडं करून. सिस्टरांना आकडा मोठ्याने सांगायला सांगावं आणि आपल्या कागदावर तिथेच लिहावा. मग गणित करावं. जन्मवजन 2,900 असेल तर सात टक्के म्हणजे 203 ग्रॅम, दहा टक्के म्हणजे 290. "सगळ्याच बाळांचं वजन उतरतं" हे वाक्य खरं आहे, पण ते अर्धंच सांगितलं जातं. किती उतरतं आणि कुठे थांबतं, हे पुढचं अर्धं. सात टक्क्यांच्या आसपास आल्यावर कुणीतरी जाणत्या माणसाने शेजारी बसून पाजणं पाहायलाच हवं आणि काढलेलं दूध द्यायला सुरुवात व्हायला हवी. दहा टक्क्यांपर्यंत गेलं तर डॉक्टरांनी बाळ तपासून, गरज वाटली तर रक्त तपासून, किती वेळाने किती द्यायचं हे लिहून द्यायला हवं. साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन परत यायला हवं. माझी लेक घरी सोडली तेव्हा साडेआठ टक्क्यांच्या पुढे होती. कुणी भागाकार केला असता तर त्या सकाळी आम्ही घरी गेलो नसतो.

हॉस्पिटलांनी काय करावं, हे नव्याने शोधायला नको. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी स्तनपानासाठीचे दहा टप्पे 1989 साली मांडले, 1991 मध्ये त्यावर आधारलेली बालस्नेही रुग्णालयांची मोहीम सुरू झाली, आणि 2018 साली ते टप्पे सुधारले गेले. त्या सुधारणेत कर्मचाऱ्यांचं ज्ञान आणि कौशल्य तपासणं, नोंदी ठेवून त्यांवर सतत लक्ष ठेवणं आणि घरी सोडल्यानंतरचा आधार आधीच ठरवणं, हे सगळं लिहिलेलं आहे. आपल्या केंद्र सरकारचा स्तनपानासाठीचा 'मा' कार्यक्रम 2016 पासून आहे. पाजणं पाहून गुण देण्याची 'लॅच' नावाची पद्धत 1994 पासून वापरात आहे: पकड, गिळल्याचा आवाज, बोंडीचा आकार, आईला होणारा त्रास आणि बाळाला धरण्यासाठी लागणारी मदत, प्रत्येकाला शून्य ते दोन. प्रत्येक पाळीत एकदा, एका पाजण्याला हे गुण दिले तर जाणकार सिस्टरला फार वेळ लागत नाही. तो कागद, वजन आणि शू-शी एकाच पानावर असावी, आणि ते पान पलंगाशी असावं. डिस्चार्ज कार्डावर जन्मवजनाच्या शेजारी त्या दिवसाचं वजन आणि घटीची टक्केवारी छापलेली असावी. एवढा एक रकाना वाढवायला कागदाखेरीज काही लागत नाही. मी लेक बरी झाल्यावर त्या पहिल्या हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमना भेटून हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि पुढे माझ्या नात्यातली एक मुलगी तिथेच बाळंत झाली तेव्हा तिच्या कार्डावर तो रकाना होता.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 88.6 टक्के बाळं दवाखान्यात जन्मतात, पण जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळतं फक्त 41.8 टक्के बाळांना. इतकी बाळं डॉक्टर-सिस्टरांच्या देखत जन्मत असताना ही दरी आहे. घरी गेल्यावरची दरी वेगळीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळ पाहायच्या, वजन करायच्या, आणि नवजात मृत्यू किती कमी झाले हे बंग दाम्पत्याने 1999 साली जगापुढे मांडलं. तेच पुढे देशभर 'आशा' ताईंच्या कामात आलं: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. खेड्यातल्या बाळाला हे मिळतं. शहरात, सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, खासगी हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बाईच्या दारात मात्र बहुधा कुणी येत नाही. म्हणून ती भेट आपणच ठरवायची. डिस्चार्जनंतर दोन दिवसांच्या आत बाळाचं वजन कुठे होणार, हे घरी निघण्याआधी विचारून घ्यावं. "आठवड्याने या" म्हटलं तर "फक्त वजनाला परवा येते" म्हणावं. कुणी नाही म्हणत नाही.

वरच्या दुधाबद्दल दोन्ही टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात, डबा आणा आणि मोकळे व्हा. दुसरे म्हणतात, डब्याला हात लावला तर सगळं संपलं. माझ्या लेकीला काही दिवस वरचं दूध मोजून द्यावं लागलं आणि तरीही नंतर ती दीड वर्ष अंगावर प्यायली. गरज असताना दिलेलं वरचं दूध हे औषधासारखं असतं: डॉक्टरांनी सांगितलेलं माप, बाटलीने न देता वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने, आणि त्याच वेळी आईचं दूध काढणं चालू. आधी स्वतःचं काढलेलं दूध, ते पुरत नसेल आणि मिळत असेल तर दूधपेढीचं (मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी 1989 सालीच सुरू केली), आणि मग डबा. गरज नसताना कुणी डब्याचा फुकट नमुना हातात ठेवला तर तो परत करावा. 1992 च्या कायद्याने त्याला बंदी आहे. मध, गुटी, साखरपाणी तर नकोच. मधातून बाळाला घातक जंतुविषबाधा होऊ शकते.

आणि भेटायला येणाऱ्यांबद्दल एक विनंती. हॉस्पिटलात संध्याकाळी पाहुणे भरले की बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जातं, आई पदर ओढून बसते आणि पाजण्याचे दोन-तीन तास निघून जातात. सासूबाईंनी किंवा आईने दारात उभं राहून "बाळ पाजतेय, नंतर या" म्हटलं तर बाळंतिणीवर फार मोठे उपकार होतील.

घरी आल्यावर बाळ उठवूनही उठत नसेल, प्यायला लावल्यावर ओढत नसेल, सहा-आठ तासांत शू झाली नसेल, अंग गरम किंवा थंडगार लागत असेल, पिवळेपणा पोटापर्यंत किंवा पायांपर्यंत उतरला असेल, टाळू आत गेलेली किंवा तोंड कोरडं वाटत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तेव्हाच निघायचं. फोनवर विचारत बसायचं नाही, सकाळ होऊ द्यायची नाही. नोंदीचा कागद बरोबर घ्यायचा. आणि बाळाच्या जन्मवजनाचा व डिस्चार्जच्या वजनाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये आधीच काढून ठेवायचा, कारण रात्री ड्युटीवर असलेला डॉक्टर पहिल्यांदा तेच दोन आकडे विचारतो.